शाळेच्या भिंतीवर आपलं मत : पहिल्यांदा लिहिणाऱ्या मुलांसाठी

दर जूनमध्ये आठवी-नववीची चार-पाच मुलं स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहतात. "बाई, आम्हालापण भित्तिपत्रकात लिहायचंय." काय लिहायचंय, असं विचारलं की एकमेकांकडे बघतात. साताऱ्यातल्या एका हायस्कूलात मी सोळा वर्षं मराठी शिकवते आणि भित्तिपत्रकाचं कामही बघते. त्या मुलांना जे तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, ते इथे एका जागी लिहिते आहे. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही शाळेत हे नव्याने सुरू करणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या बाई-सरांना उपयोगी पडावं, एवढीच इच्छा.

यातला मोठा भाग दुःखाबद्दल आहे. सहल, सामने, स्नेहसंमेलन यांवर मुलं आपसूक लिहितात. पण वर्गातलं कोणी गेलं की फळ्यावर एक फोटो, दोन फुलं आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढंच येतं आणि आठवड्याने पुसलं जातं. वर्गाला त्याहून पुष्कळ बोलायचं असतं. कसं बोलायचं हे कोणी शिकवत नाही.

आधी पाच जण आणि एक भिंत

पाच जण पुरतात. एक संपादक, दोन लिहिणारे, एक सुवाच्य अक्षराचा आणि एक तपासणारा. तपासणारा शक्यतो असा निवडा, की ज्याला "हे तुला कोणी सांगितलं?" हे विचारायला संकोच वाटत नाही. वर्गात असा एक तरी असतोच.

भिंत नीट निवडा. आमचा फलक पूर्वी ऑफिसच्या दाराशेजारी होता. तिथे थांबायला मुलं बिचकायची. तो पाण्याच्या नळांजवळच्या व्हरांड्यात हलवला आणि मधल्या सुट्टीत रांगेत उभी असलेली मुलं वाचायला लागली. उंची पाचवीच्या मुलाच्या डोळ्यांना येईल एवढीच ठेवा. साताऱ्याचा पाऊस तिरपा येतो, म्हणून जून ते सप्टेंबर वरून प्लॅस्टिक लावा. दोन कार्डशीट, फुलस्केप कागद, काळं पेन, ड्रॉइंग पिना एवढं पुरे. रंगीत स्केचपेन मथळ्यापुरतं वापरा. पंधरा दिवसांतून एक अंक काढा. दर आठवड्याला काढायला गेलात तर दिवाळीपर्यंत दमाल.

बातमी कुठली आणि मत कुठलं

परळी खोऱ्यातून येणारी एसटी सोमवारी पाऊण तास उशिरा आली आणि त्या गाडीतल्या मुलांची प्रार्थना चुकली, ही बातमी. गाडी उशिरा आल्यामुळे उशीर झालेल्या मुलांना मैदानावर वेगळं उभं करू नये, हे मत. बातमी चूक निघाली तर दुरुस्ती छापावी लागते. मताशी कोणी असहमत असेल तर त्याला पुढच्या अंकात जागा द्यावी लागते. दोन्हींची सरमिसळ करू नका आणि मताच्या खाली लिहिणाऱ्याचं नाव, इयत्ता, तुकडी घाला.

दिनविशेष म्हणजे मत नव्हे, हेही लक्षात ठेवा. ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो, कारण १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर आपल्या कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूचे. ही माहिती दरवर्षी त्याच शब्दांत उतरवून काढली जाते. त्यापेक्षा त्या दिवशी एक प्रश्न घ्या आणि त्यावर लिहा.

जे पाहिलं त्यापासून सुरुवात

हा भाग मी जरा सावकाश सांगते, कारण नव्या मुलांची गाडी इथेच अडते.

आठवीतल्या एका मुलीने दप्तरावर लिहून आणलं होतं : 'आजच्या धकाधकीच्या युगात विद्यार्थ्यांवर दप्तराचे ओझे दिवसेंदिवस वाढत आहे. शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष द्यावे.' व्याकरण बिनचूक होतं. निबंधाला पैकीच्या पैकी गुण पडले असते. पण ते वाचून तिचं स्वतःचं दप्तर किती जड आहे, हे मला कळलं नाही.

मी तिला रद्दीवाल्याकडून ताणकाटा आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने मैत्रिणींच्या मदतीने आपल्या वर्गातली वीस दप्तरं काट्याला लावली आणि वहीत आकडे मांडले. सगळ्यात जड दप्तर ७ किलो ८०० ग्रॅमचं निघालं. ज्या मुलीचं ते होतं, तिचं वजन ३६ किलो. राज्य सरकारने २०१५ सालीच सांगून ठेवलंय, की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. म्हणजे तिला ३ किलो ६०० ग्रॅम चालले असते.

आता लेख झाला असं तिला वाटलं. मी म्हटलं, दप्तर उघडून बघ. आत पुस्तकं, वर्गपाठाच्या आणि गृहपाठाच्या वह्या होत्या आणि दोन लिटरची पाण्याची बाटली होती. वीसपैकी सोळा दप्तरांत तसल्याच मोठ्या बाटल्या. का? तर टाकीच्या पाण्याला वास येतो म्हणून सगळ्या घरून पाणी आणत होत्या. शिपाईमामांना विचारलं. ते म्हणाले, "टाकी धुवायला माणूस मिळंना झालाय, दिवाळीपासनं."

तिचा लेख मग पाण्याच्या टाकीवर झाला. शेवटची ओळ अशी होती : 'टाकी धुतली तर आमची दप्तरं उद्यापासून दोन किलोंनी हलकी होतील.' शासनाने काही करायची वाट बघायची गरज उरली नाही. पुढच्या शनिवारी टाकी धुतली.

तर पायऱ्या अशा. काय पाहिलं, ते आधी लिहा. मग किमान दोन माणसांना विचारा आणि ती जशी बोलली तसंच उतरवा. शिपाईमामांचं 'मिळंना झालाय' सुधारून 'मिळत नाही' करू नका. मग तुमचं मत सांगा, दोन-तीन वाक्यांत. शेवटी कोणी काय करावं, ते नेमकं सांगा. सगळं मिळून २५० ते ३०० शब्द. उभ्याने वाचणाऱ्याला त्याहून जास्त झेपत नाही.

समोरच्याची बाजू

एखाद्या नियमावर किंवा सोयीवर टीका असेल, तर ज्याच्याकडे ते काम आहे त्याला अंक लागण्याआधी विचारायचंच. "सर, पाच मिनिटं हवी होती, भित्तिपत्रकासाठी एक प्रश्न आहे," एवढं म्हणून उत्तर लिहून घ्या आणि लेखात घाला. नियमावर लिहा, सोयीवर लिहा. एखाद्या शिक्षकाच्या किंवा मुलाच्या स्वभावावर, दिसण्यावर, घरावर लिहू नका. टोपणनावानेही नाही. वर्गाला कोण ते लगेच कळतं.

मुख्याध्यापक अंक आधी वाचतील. वाचू द्या. त्यांनी काही काढायला सांगितलं तर चिडून अख्खा लेख मागे घेऊ नका. नेमकं कुठलं वाक्य खटकतंय, ते विचारा. माहिती चुकली असेल तर दुरुस्त करा. माहिती बरोबर असेल तर तुमची वही पुढे ठेवा, कोणत्या दिवशी कोणाला विचारलं ते दाखवा. बहुतेक वेळा वही बघितल्यावर बोलणं सोपं होतं. सोळा वर्षांत दोनदा मात्र झालं नाही, लेख राहिला. त्या दोन्ही मुलांना मी त्यांचे कागद जपून ठेवायला सांगितले.

जाणं किती प्रकारचं असतं

मुलांना वाटतं, दुःख म्हणजे मरणच. माझी पहिली नोकरी वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात होती. कारखाना सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येत आणि त्यांची काही मुलं आमच्या वर्गात बसत. चार-पाच महिने एकत्र खेळणं, डबा वाटून खाणं. मग कारखान्याचा पट्टा पडायचा, म्हणजे हंगाम संपायचा, आणि एका सकाळी खोप्या रिकाम्या. मुलांनी एकमेकांचा निरोप घेतलेला नसे. सहावीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "बाई, त्याची भूमितीची वही माझ्याकडं राहिलीय, कुठं पाठवू?" तेव्हा मी भित्तिपत्रक चालवत नव्हते. चालवत असते तर तेच वाक्य सगळ्यात वर लावलं असतं.

शेवटची एसटी बंद झाल्यामुळे शाळा सोडलेली मैत्रीण, बदली झालेले सर, घरातली वारलेली आजी, मोडलेला जुना वर्ग, पुरात गेलेलं घर, हे सगळं लिहिण्यासारखं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. हा आकडा सगळ्या वर्तमानपत्रांत आला. सांगलीत नातेवाईक असलेल्या आमच्या एका मुलाने लिहिलं, की त्याच्या मामेबहिणीने वह्या वाचवायला माळ्यावर ठेवल्या आणि माळासुद्धा बुडाला. नंतर वह्या उन्हात वाळवल्या तेव्हा पानं एकमेकांना चिकटून पापडासारखी कडक झाली आणि निळी शाई अख्ख्या पानभर पसरली होती. आकडा एका ओळीत सांगून मोकळं व्हा आणि पुढची जागा अशा वहीला द्या.

७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस पाळतो. १९०० साली त्या दिवशी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरमध्ये क्रमांक १९१४. शाळेत आला तेव्हा त्या मुलाची आई नव्हती. भीमाबाईंची समाधी याच गावात आहे. त्याच मुलाने पुढे ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढलं. मुलांना मी समाधीपाशी नेते आणि तिथे चरित्र लिहायला सांगत नाही. तिथे उभं राहून आई नसलेल्या वर्गमित्राची कुठली गोष्ट आपल्या लक्षातच आली नव्हती, ते लिहायला सांगते. पालकसभेला कोण येतं, टाय कोण बांधून देतं, तापात डोक्याशी कोण बसतं. फार चांगलं लिहितात मुलं.

वर्गातलं कोणी गेलं तर

पहिले पंधरा दिवस काही लावू नका. वर्गात मिठाईचा रिकामा खोका ठेवा आणि ज्याला वाटेल त्याने चिठ्ठी टाकावी असं सांगा. चिठ्ठ्या दोघांनीच वाचायच्या, त्यातला एक शिक्षक. एखाद्या चिठ्ठीत लिहिणारा स्वतःच खचलेला दिसला, तर ती चिठ्ठी लेखासाठी नाही. त्याच दिवशी त्या मुलाजवळ बसायचं आणि घरी कळवायचं.

मग लिहायला घ्या. नववीतला एक मुलगा पावसाळ्यात तापाने गेला. त्याच्या बाकावरच्या मित्राने लिहिलेला पहिला खर्डा असा होता : 'काळाने आमच्या मित्रावर झडप घातली. त्याच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.' मोठ्या माणसांच्या फलकांवरून उचललेले शब्द. मुलाची त्यात काही चूक नव्हती, दुसरे शब्द त्याने कधी पाहिलेच नव्हते. मी त्याला कागद बाजूला ठेवायला सांगितलं आणि नुसतं विचारत गेले. तो कुठल्या बाजूला बसायचा? डब्यात काय असायचं? भांडायचात कशावरून? या शेवटच्या प्रश्नाला तो पहिल्यांदा हसला. मग रडला. दोन दिवसांनी नवा लेख घेऊन आला. त्यातला हा भाग :

'तो डावखुरा होता आणि माझ्या उजव्या बाजूला बसायचा. लिहिताना आमचे कोपर रोज एकमेकांना लागायचे. मी बाकावर करकटकाने रेघ मारली होती. तो म्हणायचा, रेघ बाकाला हाय, हवेला न्हाई. आता माझा कोपर मोकळा आहे. सहामाहीत माझं अक्षर सुधारलं म्हणून सरांनी वही वर्गाला दाखवली. मी काही बोललो नाही.'

मी त्यात एक शब्दही बदलला नाही.

त्याने काय केलं, ते बघा. मित्र किती चांगला होता, असं कुठेही म्हटलेलं नाही. भांडण लपवलेलं नाही. आजाराचं वर्णन नाही, दवाखान्यातले शेवटचे दिवस नाहीत. एक कोपर, एक रेघ. तुम्हीही आधी भांडणापासून, खोडीपासून, उसन्या घेतलेल्या वस्तूपासून सुरू करा.

घरच्यांना विचारल्याशिवाय काहीही नाही

हे मी माझ्या चुकीतून शिकले. भित्तिपत्रकाच्या पहिल्या वर्षी एका मुलाचे वडील गेले. वर्गातल्या मुलाने चांगल्या मनाने त्यावर लिहिलं आणि त्यात 'कर्जाला कंटाळून' असे दोन शब्द होते. गावात तसं बोलत होते. मी घाईत वाचलं आणि लावलं. तेराव्यानंतर तो मुलगा शाळेत आला, पाठीवरचं दप्तर न काढता फलकासमोर उभा राहिला, पूर्ण वाचलं आणि मधल्या सुट्टीच्या आधीच घरी गेला. मी कागद काढला, त्याच्या घरी गेले, त्याच्या आईची माफी मागितली. कारण वेगळंच होतं की तेच होतं, ते मी विचारलं नाही. विचारायचा मला हक्कच नव्हता.

तेव्हापासून नियम असा : लेख लावण्याआधी एक शिक्षक आणि लिहिणारा मुलगा असे दोघं घरी जातात, सगळं वाचून दाखवतात. घरचे नको म्हणाले तर तो लेख लागत नाही, कारण विचारायचं नाही. लिहिणारा मुलगाही पिन टोचेपर्यंत कधीही आपला कागद परत मागू शकतो.

कोणी स्वतःचं जीवन संपवलं असेल, तर इथे फार जपून पावलं टाका. कसं आणि कुठे झालं, ते लिहू नका. त्याने मागे ठेवलेल्या चिठ्ठीतला मजकूर छापू नका. परीक्षेमुळे, प्रेमामुळे, कर्जामुळे असं एकच कारण चिकटवू नका. 'सुटला बिचारा' किंवा 'धाडस केलं' असलं काहीही नको, मथळ्यात तर नकोच. फोटो मोठा करून लावू नका. गेलेल्या मुलाचं जगणं आणि मागे राहिलेल्यांनी मदत कुठे मागायची, एवढंच लिहा. लेखाच्या खाली ठळक अक्षरांत दोन क्रमांक द्या : टेलिमानस १४४१६, जिथे मनाच्या त्रासाबद्दल कधीही फुकट बोलता येतं, आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. आमच्या फलकाच्या कोपऱ्यात हे दोन क्रमांक बारमाही लावलेले असतात.

आणखी एक गोष्ट कायद्याची आहे. एखाद्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल, किंवा एखादं मूल गुन्ह्याच्या प्रकरणात सापडलं असेल, तर त्याची ओळख उघड करायला २०१२ चा पोक्सो कायदा आणि २०१५ चा बालन्याय कायदा मनाई करतात. नाव, फोटो, पत्ता, घरच्यांची माहिती, अगदी शाळेचं नावही. असं काही कळलं तर ते भिंतीवर लिहायचं नाही, विश्वासातल्या शिक्षकांना लगेच सांगायचं.

मोबाइलचं काय

फलकाचा फोटो काढून कोणी स्टेटसला ठेवतंच. खेळ, टाकी, एसटी यांचा ठेवला तर हरकत नाही. दुःखाच्या लेखाचा ठेवू नका, असं आम्ही लेखाच्या वरच लिहितो आणि मुलं ऐकतात. व्हरांड्यात उभं राहून वाचणारा त्या मुलाला ओळखत असतो. स्टेटस बघणारा ओळखत असेलच असं नाही.

कागद उतरवल्यावर

डावखुऱ्या मुलाच्या घरी आम्ही गेलो तेव्हा त्याच्या आईने सगळं ऐकून घेतलं. मूळ लेखात डब्याबद्दल एक ओळ होती, की त्याची आई बटाट्याची भाजी पिवळीधमक करायची. त्या म्हणाल्या, "भाजी मी नव्हते करत. त्याची आज्जी करायची. तेवढं बदला, तिला वाईट वाटेल." आज्जी दाराआड उभी होती. लिहिणाऱ्या मुलाने तिथेच पेन काढून 'आई' खोडलं आणि 'आज्जी' केलं.

अंक उतरवला की असा मूळ कागद घरी द्यायचा आणि शाळेच्या फाइलमध्ये झेरॉक्स ठेवायची. ज्याने लिहिलं त्यानेच तो नेऊन द्यायचा, घडी न घालता, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये. बाकीचे लेख तारखेप्रमाणे लावून फाइलच्या पाठीवर वर्ष लिहायचं. आमच्या कपाटात अशा अकरा फायली आहेत. सुरुवातीच्या काही वर्षांच्या ठेवल्या नाहीत, त्याचं मला आजही वाईट वाटतं. जूनमध्ये दाराशी आलेल्या मुलांना मी त्यातली एक फाइल देते, ती घेऊन मैदानाच्या पायऱ्यांवर बसायला सांगते आणि सोमवारी काय पाहिलं ते लिहून आणायला सांगते.